हडळ, जखीण आणि आसरा

हडळ कशी दिसते हें आपल्या घरांतील लहान मुलासहि ठाऊक असतें. पुढून पाहावी तर भरल्या अंगाची बाई, मागून पाहावी तर नुसता सांगाडा. पाय उलटे, केंस मोकळे, आणि वस्ती चिंचेच्या झाडाखालीं. एवढें वर्णन कोणतीहि आजी न अडखळतां करते. परंतु ही बाई जिवंत असतां कोण होती, कितव्या वर्षीं गेली, त्या वेळीं तिच्या उशाशीं कोण बसलें होतें, हें कोणी विचारीत नाहीं. भुताचें रूप सर्वांस माहीत. भुताचें चरित्र मात्र कोणास नाहीं. तें चरित्र जेवढें हातीं लागतें तेवढें वाचकांपुढें ठेवावें, असा आमचा विचार आहे.

हा विषय आतांच कां, असें कोणी विचारील. गेलीं कांहीं वर्षें स्त्रीच्या भुताच्या कथा पुन्हां उदंड निघूं लागल्या आहेत. जुन्या लोकसमजुती घ्याव्या, त्यांत एखादी अन्याय सोसून मेलेली बाई घालावी, आणि तिच्या सुडावर कथा रचावी, असा हा प्रकार आहे. तरुण मंडळी त्या आवडीनें पाहतात, वडील मंडळी नाकें मुरडतात, आणि एकत्र कुटुंबांत रात्रीच्या जेवणानंतर त्यावरून वाद होतो. आमच्या घरींहि होतो. आमचें सध्यांचें वास्तव्य हिंजवडीस, चिरंजिवांकडे, चौदाव्या मजल्यावर आहे. जेथें पिंपळ नाहीं, चिंच नाहीं, आड नाहीं, अशा ठिकाणींहि हडळीची गोष्ट निघतांच सुना-नातवंडें सरसावून बसतात, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटली.

प्रथम नांवें पाहूं. जखीण म्हणजे संस्कृतांतील यक्षिणी. आसरा म्हणजे अप्सरा. सटवी म्हणजे षष्ठी, आणि डाकीण म्हणजे डाकिनी. आज ज्यांच्या नांवानें मुलें दचकतात त्यांपैकीं बहुतेकींची मूळची गणना देवयोनींत होती. अमरसिंहानें यक्ष आणि अप्सरा यांस तेथेंच घातलें आहे. आणि गंमत अशी कीं, पिशाच व भूत यांसहि त्यानें त्याच पंक्तीस बसविलें आहे. पुढें लोकांनीं पंक्तिभेद केला.

पुरुषभुतांचीं नांवें याच्या शेजारीं ठेवून पाहावीं. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वींच गेला तो मुंजा. विद्येवर किंवा धनावर जीव ठेवून मेलेला ब्राह्मण तो ब्रह्मसमंध. लढाईंत पडला तो वीर. पुरुष भूत झाला तरी त्याचा आश्रम, त्याची जात, त्याचा पराक्रम त्याच्या नांवांत टिकून राहतो. बाईच्या भुतास नांव पडतें तें तिच्या मरणावरून. बाळंतपणांत गेली ती हडळ किंवा अळवंतीण. संसारांत जीव गुंतलेला असतां सवाशीण गेली ती जखीण. पाण्यांत गेली तिला आसरांनीं ओढली. प्रांतोप्रांतीं हे अर्थ थोडे सरकतात, आणि एका तालुक्यांतील जखीण दुसऱ्या तालुक्यांत हडळ होते. परंतु वर सांगितलेला भेद मात्र कोंकणांत जा, देशावर जा, सर्वत्र आढळतो.

गरोदर किंवा ओली बाळंतीण मेली म्हणजे पूर्वीं जे उपाय करीत ते आमच्या पिढीनें वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहेत. प्रेत घराबाहेर काढलें कीं उंबऱ्यांत खिळा ठोकावयाचा. घरापासून स्मशानापर्यंत वाटेवर राळे किंवा मोहरी टाकीत जावयाचें, म्हणजे ती परत येऊं लागली तर दाणे वेंचीत बसेल आणि तेवढ्यांत उजाडेल. यांतील कल्पना मोठी विलक्षण आहे. मेलेली बाई परत येईल याविषयीं कोणास शंका नाहीं. ती कोणाकडे येईल, हेंहि सर्वांस माहीत आहे. आणि तिला अडविण्याचा मार्ग कोणता, तर तिला काम लावणें. जिवंतपणीं जी दिवसभर धान्य निवडीत होती, ती मेल्यावरहि दाणे दिसतांच वांकून वेंचूं लागेल, इतका घरच्यांस तिच्या वळणाचा भरंवसा होता.

भीति कोणास वाटते? ज्याच्याकडे कांहीं देणें राहिलें असतें त्यास. बाळंतिणीची खोली म्हणजे घरांतील सर्वांत अंधारी खोली, हें फार जुन्या काळचें वर्णन नव्हे. वारा लागूं नये म्हणून खिडकी बंद, खालीं शेगडी, वर धूर, दहा दिवस विटाळ. आणि आंत तेरा-चौदा वर्षांची पोर. संमतिवयाचा कायदा इ. स. १८९१ मध्यें झाला तेव्हां वयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्यासाठीं केवढें रण माजलें, हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीचें विवाहवय चौदा ठरविलें. हाडें पक्कीं न झालेल्या मुलींवर प्रसूति येत असे. कित्येक पोरी त्यांतच जात, आणि ज्या निभावत त्यांतील कित्येकींस चौथ्या-पांचव्या दिवशीं ताप भरे. तापांत बाई बडबडे, अंगावरचें फेंकी, सासूकडे डोळे वटारून पाही, माहेरचीं नांवें घेई. म्हाताऱ्या म्हणत, हिला हडळ लागली. मग मांत्रिक येई, मिरच्यांची धुरी देई, प्रसंगीं छडीहि चालवी, आणि त्या पोरीच्या तोंडून मागच्या बाळंतपणांत गेलेल्या जावेचें किंवा सवतीचें नांव वदवून घेई.

हा ताप हातांच्या अस्वच्छतेनें येतो, हें व्हिएन्ना येथील सेमेलवाइस या डॉक्टरानें १८४७ मध्यें दाखवून दिलें होतें. प्रेतांची चिरफाड करून तसेच प्रसूतीस येणारे डॉक्टर व विद्यार्थी यांस त्यानें क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्यास लाविलें, आणि मृत्युसंख्या झपाट्यानें उतरली. त्याच्या समव्यवसायी मंडळींनीं त्याचें ऐकलें नाहीं, तो भाग निराळा. आपल्याकडे ही गोष्ट सुईणीच्या नखांपर्यंत पोंचण्यास फार काळ लागला. परंतु पोंचली तेव्हां परिणाम असा झाला : महाराष्ट्रांत एक लक्ष जिवंत जन्मांमागें मातामृत्यूंचें प्रमाण २००१-०३ मध्यें १४९ होतें, तें २०१८-२० मध्यें ३३ वर आलें. सरकारी भाषेंत यास मातृमृत्युप्रमाणाची घट म्हणतात. हडळी कमी झाल्या असें आमच्या आजीनें म्हटलें असतें, आणि तिचें म्हणणें चुकीचें झालें नसतें.

ही कल्पना केवळ आपलीच आहे असें मात्र नाहीं. मलायांत बाळंतपणांत मेलेल्या स्त्रीचें पोंतियानाक होतें. जपानांत उबुमे नांवाचें भूत रात्रीं मूल कडेवर घेऊन वाटसरूपुढें उभें राहतें. ज्या ज्या देशीं सुईण हतबल होती, त्या त्या देशीं ही बाई झाडाखालीं उभी आहे.

सटवीची गोष्ट याहून अधिक गुंतागुंतीची आहे. पांचव्या-सहाव्या रात्रीं पाट्यावर तिची पूजा मांडतात, शेजारीं कोरा कागद व लेखणी ठेवतात, आणि ती येऊन मुलाच्या कपाळीं भाग्य लिहिते अशी समजूत आहे. परंतु तीच सटवी मूल घेऊनहि जाते. नेमकी पांचवी-सहावीच रात्र कां? नाळ विळ्यानें किंवा गंजक्या पात्यानें कापली व तीवर राख-शेण लाविलें, म्हणजे धनुर्वाताचे जंतु आंत जातात, आणि त्यांचा विकार साधारणपणें तीन ते चौदा दिवसांच्या आंत प्रकट होतो. चांगलें दूध पिणारें मूल पांचव्या-सहाव्या दिवशीं एकाएकीं जबडा मिटून घेतें, अंग धनुष्यासारखें ताणतें, आणि जातें. ज्या आईनें हें एकदां पाहिलें, तिनें त्या रात्रीं जागून दिवा तेवत ठेवला तर तीस भोळी म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. मातांस टोंचावयाची धनुर्वाताची लस आणि दवाखान्यांतील प्रसूति यांमुळें हा रोग हटला. माता व नवजात बालकें यांच्या धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झाल्याचें २०१५ मध्यें जाहीर झालें. कागद-लेखणी मात्र अजून ठेवतात. ठेवोत बापडे.

आतां यक्षिणीकडे वळूं. कारण या सर्व परंपरेंतील सर्वांत जुनी आणि आमच्या मतें सर्वांत न्यायी कथा तिचीच आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत, मुख्य गाभाऱ्याच्या एका बाजूस, हारीती आणि तिचा पति पांचिक यांच्या मोठ्या मूर्ति आहेत. हारीती ही मुलें खाणारी यक्षिणी. तिची पूर्वजन्मकथा मूलसर्वास्तिवादी विनयांत आली आहे. राजगृहांतील एका गवळ्याची बायको गरोदर असतां ताक घेऊन नगरांत चालली होती. वाटेंत उत्सवास निघालेली मंडळी भेटली. त्यांनीं तिला नाचण्याचा आग्रह केला. ती नाचली, आणि त्यांतच तिचा गर्भ पडला. मंडळी आपली पुढें उत्सवास निघून गेली. तिनें ताक विकून पांचशें आंबे घेतले, वाटेनें येणाऱ्या एका प्रत्येकबुद्धास ते दान केले, आणि त्या पुण्याच्या बळावर मागितलें काय, तर पुढील जन्मीं याच नगरांत यक्षिणी होऊन येथल्या लोकांचीं मुलें खाईन.

पुण्याचा असा उपयोग करणारी दुसरी स्त्री आमच्या वाचनांत नाहीं. आपल्या कथांतून पुण्य खर्ची घालून बायका पतीचे प्राण मागतात, पुत्र मागतात, अखंड सौभाग्य मागतात. हिनें सूड मागितला. आणि कथाकारानें तो तिला मिळूं दिला, हें विशेष. ती यक्षिणी झाली, तिला पांचशें मुलें झालीं, आणि राजगृहांतील घरोघरचीं बालकें नाहींशीं होऊं लागलीं. पुढें बुद्धानें तिचें सर्वांत धाकटें, आवडतें मूल आपल्या भिक्षापात्राखालीं लपविलें. ती वेड्यासारखी सर्वत्र शोधीत फिरली आणि अखेर त्याच्याजवळ आली. पांचशेंपैकीं एक हरवलें तर तुझी ही दशा, मग ज्यांचें एकुलतें एक गेलें त्यांचें काय, असें त्यानें तिला विचारलें. तिनें हिंसा सोडली. परंतु, आतां मी आणि माझीं मुलें खाणार काय, असा रोकडा प्रश्न तिनें केला. आणि संघानें आपल्या अन्नांतून तिचा वांटा रोज काढून ठेवावा, असें ठरलें.

सातव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग यानें, विहारांच्या देवडींत किंवा भोजनशाळेच्या कोपऱ्यांत हारीतीचें चित्र असे व तिला रोज अन्न वाढीत, असें लिहून ठेविलें आहे. म्हणजे तिला बाटलींत कोंडली नाहीं, खिळा ठोकला नाहीं, राळे टाकले नाहींत. तिचें पान मांडलें. अजिंठ्याच्या त्या मूर्तीच्या खालच्या पट्टींत मुलांची एक शाळा कोरलेली आहे. एका टोंकास छडी घेतलेले पंतोजी आहेत, आणि दुसऱ्या टोंकाचीं मुलें अभ्यास सोडून एडक्यांशीं खेळत आहेत. चाळीस वर्षें खडू हातीं धरलेल्या आमच्यासारख्यास त्या पंतोजीविषयीं आपलेपणा वाटला, यांत नवल नाहीं. परंतु मुलें खाणारीच्या पायाशीं शाळा भरवावी, एवढा विश्वास त्या शिल्पकारांस तिच्याविषयीं वाटत होता, हें अधिक महत्त्वाचें.

पुढच्या काळांत यक्षिणीची जखीण झाली, आणि तिच्या वांट्याचें पान गेलें.

हिंजवडी हें मुळशी तालुक्यांतील गांव. माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या येण्यापूर्वीं येथें शेतें होतीं, आणि शेतांस विहिरी होत्या. आजहि चैत्री पौर्णिमेस म्हातोबाचें बगाड हिंजवडीहून वाकडास जातें, आणि त्या दिवशीं संगणकाच्या कंपन्यांच्या काचांत त्या प्रचंड लांकडाचें प्रतिबिंब पडतें. या पुण्याभोंवतालच्या टापूंतील ग्रामदेवतांचा, विशेषतः मातृदेवतांचा, दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं पायीं हिंडून अभ्यास केला, आणि तो १९६२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथांत आहे. मावळांत पाण्याच्या कांठीं 'मावळाया' नांवाच्या देवता आहेत. त्या नेहमीं अनेकवचनीं असतात, त्यांस नवरा नसतो, आणि मूर्ति म्हणजे शेंदूर फांसलेले अनघड दगड. कार्ल्याच्या लेण्यांतील शिलालेखांत 'मामाल' असा जो प्रदेश येतो तो हाच मावळ; आणि मावळ या नांवाचा या आयांशीं संबंध कोसंबी जोडतात. साती आसरा या त्यांच्याच बहिणी म्हणाव्या. विहिरीच्या कांठीं सात दगड, खण, बांगड्या, हळदकुंकू. आणि सोबतीस भाऊ म्हणून एखादा म्हसोबा.

या आसरांविषयीं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. तरणी सून विहिरींत सांपडली म्हणजे 'आसरांनीं नेली' असें म्हणण्याची रीत होती, आणि हें वाक्य उच्चारलें कीं पुढची चौकशी थांबत असे. तिनें उडी घेतली, पाय घसरला, कीं कोणी ढकलली, हें विचारण्याची मग गरज उरत नसे. हें केवळ खेड्यांतच होई असें नव्हे. आपल्या वाड्यांच्या मागील अंगणांतील आडांनींहि पुष्कळ पाहिलें आहे. 'त्या आडावर तिन्हीसांजां जाऊं नको, तेथें जखीण आहे,' असें ज्या घरांत मुलींस सांगत, त्या घरांत ती जखीण कोण, हें निदान एका पिढीस तरी पक्कें ठाऊक असलेंच पाहिजे. दुसऱ्या पिढीस नांव विसरलें; तिसरीस भूत तेवढें उरलें. लोककथा आठवण ठेवते असें विद्वान म्हणतात तें खरें; परंतु ती झांकणहि घालते, आणि एकाच वाक्यांत दोन्ही करते. विवाहितेच्या छळाचा स्वतंत्र गुन्हा कायद्यांत १९८३ सालीं आला, आणि लग्नापासून सात वर्षांच्या आंत झालेल्या संशयास्पद मृत्यूची हुंडाबळी म्हणून चौकशी १९८६ पासून होऊं लागली. जुनी दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली, तींतहि हीं कलमें आहेत. त्यानंतर आसरांवर भार घालणें थोडें अवघड झालें आहे; पण बंद झालेलें नाहीं, फक्त आतां 'पाय घसरला' असें म्हणतात.

मेल्याशिवाय बाईला रागावतां येत नाहीं, हा या सर्व कथांतील एक चमत्कारिक नियम आहे. जिवंतपणीं ती सोसते. मेली कीं तिचे डोळे लाल होतात. जिवंत बाईचा राग मराठींत छापील स्वरूपांत पहिल्यानें कोठें दिसतो, असें आम्हांस विचारलें तर आम्ही बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें नांव घेऊं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेनें आपलें अनौरस मूल मारल्याबद्दल तिला १८८१ मध्यें फांशीची शिक्षा सुनावली गेली. पुढें अपिलांत ती सौम्य झाली. वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर व्याख्यानें झडूं लागलीं, तेव्हां ताराबाईंनीं १८८२ मध्यें 'स्त्रीपुरुषतुलना' हें लहानसें पुस्तक लिहून, तो दुसरा दोषी कोठें आहे, असा रोखठोक प्रश्न केला. जोतीराव फुले यांनीं त्यांची बाजू उचलून धरली; त्यांनीं स्वतः १८६३ मध्येंच पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढून अशा विधवांसाठीं दार उघडें ठेविलें होतें. बाकीच्यांनीं काय केलें? पुस्तक विसरून टाकलें. स. गं. मालशे यांनीं तें १९७५ मध्यें पुन्हां छापून पुढें आणलें. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षें तें पुस्तक आमच्या आडांतील जखिणीप्रमाणेंच राहिलें : आहे हें ठाऊक, पण कोणी नांव घेत नाहीं.

या पार्श्वभूमीवर नव्या भयकथा पाहिल्या म्हणजे त्या इतक्या नव्या वाटत नाहींत. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनीं मराठी भयकथा घरोघर नेली. परंतु आम्हांस येथें उल्लेख करावयाचा आहे तो 'लपाछपी' या चित्रपटाचा. विशाल फुरिया यांनीं तो दिग्दर्शित केला, आणि २०१७ च्या जुलैंत तो प्रदर्शित झाला. पूजा सावंत यांनीं त्यांत शहरांतून खेड्यांत आलेल्या गरोदर स्त्रीचें काम केलें आहे, आणि उषा नाईक यांनीं तिला आश्रय देणाऱ्या घरच्या बाईचें. पुढें त्याच दिग्दर्शकानें त्यावरून 'छोरी' हा हिंदी चित्रपट २०२१ मध्यें केला. आमच्या सूनबाईंनीं तो मराठी चित्रपट आम्हांस घरींच दाखविला. आवाज फार आहे, आणि दचकविण्याची घाईहि फार आहे, असें आमचें मत झालें. परंतु दोन गोष्टी आम्हांस मान्य कराव्या लागल्या. एक म्हणजे, त्यांत पडका वाडा नाहीं. चोहोंकडे उंच वाढलेला ऊंस आहे, आणि जो कधीं उंसाच्या फडांत शिरला आहे त्यास तेथें दिशा कशी हरवते हें सांगावें लागत नाहीं. दुसरी म्हणजे, त्यांतील खरी भीति भुताची नाहीं. जन्मास येणारी मुलगी नको असणारें घर, आणि त्या घराचें काम गोड बोलून, डोहाळे पुरवून, पार पाडणारी वडील बाई, हें त्यांतील भय आहे.

तें निराधार आहे असें म्हणण्याची सोय खानेसुमारीनें ठेविली नाहीं. महाराष्ट्रांत सहा वर्षांखालील हजार मुलांमागें मुली १९९१ मध्यें ९४६ होत्या, २००१ मध्यें ९१३, आणि २०११ मध्यें ८९४. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा देशांत सर्वांत आधीं आपल्याच राज्यानें १९८८ मध्यें केला. देशव्यापी कायदा १९९४ मध्यें झाला. तरीहि आंकडा उतरतच गेला, आणि तो केवळ उंसाच्या गांवांनीं उतरविलेला नाहीं. ज्यांस यंत्राचे पैसे देतां येतात अशा शिकलेल्या घरांचाहि त्यांत वांटा आहे. जुन्या काळीं जन्मलेली मुलगी मरे. तिला निदान नांव तरी ठेवलेलें असे. हिचें भूत व्हावें तर कोणत्या नांवानें?

रात्रींची गोष्ट राहिली. 'अवेळीं वाटेवर एकटी बाई दिसली तर तिच्याशीं बोलूं नये,' हा आपल्या भूतकथांतील पहिला उपदेश. हिंजवडीच्या रस्त्यावरहि गाडीवाल्यांच्या तोंडीं अशी एक बाई आहे. पांढरी साडी, वळणावर उभी, हात करते, आंत बसते आणि पुलाजवळ नाहींशी होते. जगांत जेथें जेथें मोटारी आहेत तेथें तेथें ही कथा आहे, म्हणून तिच्यांत विशेष कांहीं नाहीं. विशेष आहे तें असें कीं, याच रस्त्यांनीं रोज रात्रीं खऱ्याखुऱ्या, जिवंत, हातांत डबा घेतलेल्या मुली कामावर जातात-येतात. २००७ मध्यें पुण्यांत रात्रपाळीस निघालेल्या एका तरुणीस तिला न्यावयास आलेल्या गाडीच्या चालकानें व त्याच्या सोबत्यानेंच मारलें. त्या रात्रीं कोणी कोणास भ्यावयास हवें होतें? १९४८ च्या कारखाना कायद्यानें स्त्रियांस रात्रपाळीच मना केली होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें रात्रीं साडेनऊ ते सकाळीं सात या वेळांत स्त्रीच्या संमतीनें आणि संरक्षणाची व्यवस्था असेल तरच तिला काम देतां येईल असें ठरविलें. गाडींत राखणदार बसवावा, मुलीस सर्वांत आधीं चढवूं नये व सर्वांत शेवटीं उतरवूं नये, असे नियम कंपन्यांतून पाळले जातात, असें सूनबाई सांगतात. आमच्या आजीच्या उपदेशांत वाटसरू पुरुषास सांभाळण्याची व्यवस्था होती. ही व्यवस्था उलटी आहे, आणि योग्य आहे.

जिवंत बाईसच भूत ठरविण्याचा प्रकार तर याहूनहि वाईट. सातपुड्याच्या बाजूस डाकीण म्हणून एखादीस गांवाबाहेर काढण्याचे, मारण्याचे प्रकार घडत आले आहेत. गुरें मेलीं, मूल आजारी पडलें, कीं संशय जावयाचा तो बहुधा एकट्या, वयस्क, थोडीबहुत जमीन असलेल्या बाईवर. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं ज्या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली तो, २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाल्यानंतर, कांहीं दिवसांतच अध्यादेशाच्या रूपानें आला, आणि त्याच वर्षीं विधिमंडळानें तो मंजूर केला. त्यांत असें कोणास चेटकीण ठरवून छळणें हा गुन्हा आहे.

या सर्व माहितीचा एक मोठा सांठा कसा जमला, हें आमच्या व्यवसायबंधूंस तरी माहीत असावें. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांस संस्कृताची व येथील लोकाचारांची आवड होती. त्यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या नाटकगृहांत वध झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांनीं जमविलेली लोकसमजुतींची टिपणें पुढें एन्थोव्हेन यांनीं संपादून छापलीं. गुजराथचा भाग १९१४ मध्यें व कोंकणचा १९१५ मध्यें. तीं टिपणें आलीं कोठून? गांवोगांवच्या शाळामास्तरांकडून. त्यांस छापील प्रश्नावली गेली, आणि त्यांनीं आपापल्या गांवचीं भुतें, देवस्कीचे प्रकार, उतारे, नवस हें सर्व इमानें लिहून पाठविलें. हडळ, जखीण, आसरा यांविषयीं जें ग्रंथांत सांपडतें त्यांतील पुष्कळसें या अनाम पंतोजींच्या हातचें आहे, आणि त्यांच्याविषयीं आम्हांस अभिमान आहे. मात्र प्रश्न विचारणारा पुरुष, लिहिणारा पुरुष, आणि ज्यांस विचारलें ते बहुधा चावडीवरचे पुरुष. भूत कोणत्या झाडावर राहतें, तें कशानें उतरतें, हें त्यांत बारकाईनें आलें आहे. माजघरांत जाऊन विचारण्याचा रिवाज नव्हता. म्हणून माजघरांतील माहिती त्यांत आलेली नाहीं.

ती अजून मिळण्याजोगी आहे. आपल्या घरांत सत्तर-ऐशीं वर्षांच्या वृद्ध स्त्रिया आहेत, आणि त्यांनीं आपल्या सासवांकडून ऐकलेलें त्यांच्या स्मरणांत आहे. आम्हीं स्वतः गेल्या पावसाळ्यापासून एक वही घातली आहे. शेजारच्या इमारतींत आपल्या मुलांकडे येऊन राहिलेल्या आजीबाईंस, सूनबाईंच्या मध्यस्थीनें, आम्ही चार-पांच गोष्टी विचारतों. ज्या बाईची ही गोष्ट आहे ती कोणत्या गांवची, कोणाच्या घरची? वय काय होतें? बाळंतपण कितवें? सुईण कोण आली होती, आणि माहेरीं निरोप केव्हां गेला? आड कोणाच्या मालकीचा? आणि तेथें जखीण आहे असें सर्वांत आधीं कोणीं सांगितलें? या शेवटच्या प्रश्नास आतांपर्यंत सात आजीबाईंनीं उत्तर दिलें आहे. त्यांपैकीं पांच जणींनीं तें सूनबाईंच्या कानांत सांगितलें, आणि वहींत लिहूं नका म्हणून बजावलें.